पाठीवरून आलेला देव

१५१९ च्या नोव्हेंबरात एर्नान कोर्तेस आणि त्याचे सैनिक तेनोच्तित्लानमध्ये शिरले, तेव्हा त्या शहराच्या ऐन मध्यावर सुमारे ४५ मीटर उंचीचं एक जोडमंदिर उभं होतं. एकाच चौथऱ्यावर चढणारे दोन जिने आणि माथ्यावर दोन गाभारे. उत्तरेकडचा गाभारा पावसाच्या त्लालोकचा, दक्षिणेकडचा हुइत्सिलोपोच्त्लीचा. पर्जन्यदेवाची पूजा मध्य मेक्सिकोत हजार वर्षांहून जुनी होती आणि गावोगाव चालत होती. हुइत्सिलोपोच्त्ली मात्र एकट्या मेशिकांचा, म्हणजे आपण ज्यांना सरसकट अ‍ॅझ्टेक म्हणतो त्या लोकांचा देव. मेशिकांच्या स्वतःच्याच आठवणीनुसार, दोन-अडीच शतकांपूर्वी त्यांच्याकडे हातभर जमीन नव्हती आणि हा देव कापडात गुंडाळलेल्या गाठोड्याच्या रूपात कुणाच्या तरी पाठीवर होता. पाठीवरच्या गाठोड्यापासून साम्राज्याच्या कळसापर्यंतची ही वाटचाल हा या पुस्तकाचा विषय आहे.

मला जे म्हणायचं आहे ते सुरुवातीलाच सांगतो. कुलदैवत आणि त्याचे लोक एकमेकांना घडवतात. हुइत्सिलोपोच्त्लीने मेशिकांना नाव दिलं, जमीन दिली, लढण्याचं कारण दिलं. मेशिकांनी त्याला घर दिलं, जन्मकथा दिली, आणि सत्ता आल्यावर सूर्याचं स्थानही दिलं. या देण्याघेण्याचा हिशेब मांडताना कोणती गोष्ट केव्हा घडली याकडे लक्ष ठेवावं लागतं. ते ठेवलं नाही, तर हा देव एकतर रक्तपिपासू राक्षस वाटतो, नाहीतर राष्ट्रीय अभिमानाचं गुळगुळीत प्रतीक. ही दोन्ही चित्रं गेली पाचशे वर्षं विकली गेली आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

नावात्ल बोलणाऱ्या लोकांच्या जगात प्रत्येक नगरराज्याला आपलं दैवत असे. चोलुलाचा केत्साल्कोआत्ल, त्लाश्कालाचा कामाश्त्ली, तेश्कोकोचा तेस्कात्लिपोका. व्यवसायांनाही देव असत. दूरदेशी जाणारे व्यापारी याकातेकुत्लीला भजत आणि पिसांची कलाकुसर करणारे कोयोत्लिनावालला. पण नगराचं दैवत या साऱ्यांच्या वर होतं. ते त्या लोकांचं रक्षण करी, जमिनीवरचा त्यांचा हक्क त्याच्या नावाने सांगितला जाई आणि त्याचं मंदिर म्हणजे नगराची मान होती. एखादं गाव जिंकलं, हे चित्रलिपीत दाखवायचं तर पडलेला राजा किंवा फुटलेला तट काढत नसत. मंदिराचं कलंडलेलं छप्पर आणि त्यातून उठणाऱ्या ज्वाळा, एवढं पुरे. मेंदोसा पोथी या चित्रग्रंथाच्या पहिल्या भागात अशा जळत्या मंदिरांच्या रांगाच्या रांगा आहेत. हरलेल्यांचे देव तेनोच्तित्लानला आणले जात आणि एका खास वास्तूत ठेवले जात. माणसांना कैद करावं तसं देवांनाही. स्वतःच्या देवासाठी मेशिकांनी जे केलं त्यामागे ही धास्तीही होती. आपण हरलो तर आपला देवही असाच कुणाच्या तरी कोठडीत जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या देवाची पहिली ओळख एका चित्रपट्टीत होते. सोळाव्या शतकात सालीच्या कागदावर रंगवलेली ही लांब, घड्या घातलेली पट्टी आज बोतुरिनी या संग्राहकाच्या नावाने ओळखली जाते. चित्रं जवळजवळ काळ्या शाईतलीच आहेत. पहिल्या पानावर पाण्याने वेढलेलं बेट आहे आणि होडी वल्हवत निघालेला एक माणूस. पावलांचे ठसे काठावरच्या एका वाकड्या शेंड्याच्या डोंगराकडे जातात. डोंगराच्या पोटात गुहा आहे आणि गुहेत एक लहानसं डोकं, हमिंगबर्ड पक्ष्याच्या उघड्या चोचीतून बाहेर पाहणारं. त्याच्या तोंडासमोर बोलण्याची खूण असलेल्या वेटोळ्यांचा लोट वर उठतो. हाच हुइत्सिलोपोच्त्ली. पट्टीतला हा देव ना लढतो ना सिंहासनावर बसतो. तो बोलतो. पुढच्या पानांवर चार जण ओळीने चालताना दिसतात, तीन पुरुष आणि शेवटी चिमाल्मा नावाची स्त्री. पहिल्याच्या पाठीवरच्या गाठोड्यातून तोच पक्षी डोकं बाहेर काढतो. देव वाहून नेणं हे या चौघांचं काम. त्यांनी त्याचं ऐकायचं, ऐकलेलं लोकांना सांगायचं आणि चालत राहायचं.

आस्त्लान नावाचं ते बेट, तिथून देवाच्या आज्ञेने निघणं, वाटेत झाड मोडणं, तिथे इतर टोळ्यांची साथ सुटणं आणि देवाने आपल्या लोकांना नवं नाव देणं, ही सगळी कथा अनेक पोथ्यांत तपशिलाच्या थोड्याफार फरकाने येते. आस्त्लान नकाशावर शोधण्याचा खटाटोप पुष्कळांनी केला. मला त्यापेक्षा या कथेतले कठोर भाग महत्त्वाचे वाटतात. देवाची बहीण मालिनाल्शोचित्ल जादूटोण्याने लोकांना छळते म्हणून तिला रात्री झोपेत सोडून सगळे पुढे निघून जातात. तिचा मुलगा कोपिल मोठा होऊन सूड घ्यायला येतो. त्याला मारून त्याचं काळीज तळ्यात फेकलं जातं, आणि ज्या खडकावर ते पडतं तिथे निवडुंग उगवतो. पुढे कुल्वाकानच्या राजाकडे आश्रित असताना मेशिका त्याची मुलगी देवाची वधू म्हणून मागून घेतात, तिला बळी देतात, तिची कातडी पुजाऱ्याच्या अंगावर चढवतात आणि तिच्या बापाला सोहळ्याला बोलावतात. धूपाच्या उजेडात बापाला जे दिसतं, त्यानंतर मेशिकांना शस्त्रांच्या धाकाने तळ्यातल्या लव्हाळ्यात पळावं लागतं.

ही कथा त्यांच्या शत्रूंनी रचलेली नाही. मेशिका राजघराण्यातल्या वंशजांनी ती स्वतःच लिहून ठेवली आहे. इतकी लाजिरवाणी आणि इतकी भयंकर गोष्ट कुणी स्वतःच्या इतिहासात का ठेवील? कारण त्यांच्या दृष्टीने त्या घटनेशिवाय पुढचं काही घडलंच नसतं. देवाने त्यांना मुद्दामच कुठे रुळू दिलं नाही. सोयरिकी जुळून, दुसऱ्याच्या राज्यात मिसळून जाण्याची वेळ आली की तो ती सोयरीक मोडायचा. अखेर तळ्यातल्या बेटावर, कोपिलच्या काळजातून उगवलेल्या निवडुंगावर गरुड बसलेला दिसला आणि मुक्काम पडला. परंपरेने त्या घटनेचं साल १३२५ मानलं जातं. तोच गरुड आणि तोच निवडुंग आज मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर आहे. आणखी एक कथा सांगते, की त्या जागी एक पुजारी पाण्यात बुडाला आणि दुसऱ्या दिवशी वर येऊन म्हणाला, खाली मला त्लालोक भेटला, आपला मुलगा हुइत्सिलोपोच्त्ली आला आहे, त्याने इथे राहावं, असं तो म्हणाला. परक्या मुलखात आलेल्या देवाला तिथल्या जुन्या जाणत्या देवाची संमती हवी होती. जोडमंदिराचे दोन गाभारे या संमतीचे पुढे दोनशे वर्षं उभे राहिलेले साक्षीदार होते.

पण ज्या देवाला आपण सूर्य म्हणून वाचतो तो या प्रवासकथेत फारसा दिसत नाही. तो दिसतो जन्मकथेत. कोआतेपेक या सर्पडोंगरावर कोआत्लिक्वे देऊळ झाडत असते. वरून पिसांचा एक गोळा खाली येतो. ती तो उचलून कमरेशी खोचते, आणि झाडून झाल्यावर पाहते तर गोळा नाही, आपल्याला दिवस गेलेले आहेत. तिची मुलगी कोयोल्शाउकी संतापते. हे आपल्या घराण्याला लांच्छन आहे म्हणून आईला मारायला ती आपल्या चारशे भावांना उठवते. आई रडते, आणि पोटातलं मूल तिला म्हणतं, भिऊ नकोस. चारशेतला एक भाऊ फुटतो आणि शत्रू कुठवर आला, याची खबर पोटातल्या मुलाला देत राहतो. आता कवट्यांच्या जागेपाशी आले, आता वाळूत आले, आता डोंगर चढू लागले. ते माथ्यावर पोचतात त्याच क्षणी हुइत्सिलोपोच्त्ली ढाल-भाल्यासकट जन्मतो. पेटत्या अग्निसर्पाने तो बहिणीवर वार करतो, तिचं डोकं उडवतो आणि तिचं धड उतारावरून गडगडत, तुटत, तळाशी जातं. चारशे भावांना तो डोंगराभोवती चार फेऱ्या पळवतो आणि त्यांचा निःपात करतो.

जर्मन अभ्यासक एदुआर्ड सेलर याने या कथेचा अर्थ लावला तो असा: दिवस उजाडताना सूर्य चंद्राला आणि ताऱ्यांना हरवतो. हा अर्थ सुंदर आहे आणि शाळेच्या पुस्तकांतून तोच शिकवला जातो. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी, की मूळ नावात्ल कथेत कोयोल्शाउकी चंद्र असल्याचं कुठे सांगितलेलं नाही. शिवाय मध्य मेक्सिकोची जी सर्वमान्य सूर्यकथा आहे, तीत तेओतिवाकानला अंगभर फोड आलेला नानावात्सिन आगीत उडी घेतो आणि तो सूर्य होतो. तिथे हुइत्सिलोपोच्त्लीचं नावही नाही. दुसऱ्या एका जुन्या वृत्तांतात तो आदिदांपत्याच्या चार मुलांपैकी सर्वांत धाकटा आहे, मांस नसलेला, नुसत्या हाडांचा, आणि सहाशे वर्षं तो तसाच पडून राहतो. एकाच देवाच्या या तीन वंशावळ्या. त्या एकमेकींत बसवण्याचा हट्ट मी या पुस्तकात धरलेला नाही. त्या वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गरजांतून आल्या आहेत.

ती गरज कोणती, हे १४२८ नंतरच्या घडामोडींवरून कळतं. त्या साली मेशिकांनी तेश्कोकोच्या साथीने आपल्या धन्याला, आस्कापोत्साल्कोला, हरवलं आणि तेनोच्तित्लान, तेश्कोको व त्लाकोपान यांची तिहेरी युती झाली. राजा होता इत्स्कोआत्ल. त्याच्या राज्यात जुने चित्रग्रंथ जाळले गेले, अशी आठवण सोळाव्या शतकातल्या साआगून या साधूच्या माहितीदारांनी नोंदवून ठेवली आहे. सगळ्यांनीच सगळं जाणावं हे बरं नव्हे, त्यात खोटंही फार साठलं आहे, असं त्यामागचं कारण सांगितलं जाई. काल खंडणी भरणाऱ्यांना आज खंडणी वसूल करायची होती, आणि त्यासाठी भूतकाळही नव्याने लिहून हवा होता. इत्स्कोआत्लचा पुतण्या आणि पुढच्या राजांचा सल्लागार त्लाकाएलेल याच्या पुढाकाराने हुइत्सिलोपोच्त्लीला विश्व चालवणाऱ्या सूर्याची जागा मिळाली, असं इतिहासकार मिगेल लेओन-पोर्तिया यांनी मांडलं. त्लाकाएलेलच्या वाट्याला नेमकं किती श्रेय जातं यावर वाद आहेत. पण टोळीचा बोलता देव साम्राज्याचा लढता सूर्य झाला तो याच काळात, हे मला पटतं. त्याचं मंदिर पाहिलं तर ते दिसतंही. मंदिर सात टप्प्यांत वाढत गेलं, जुन्याला आत ठेवून त्यावर नवं, आणि साम्राज्य फुगलं तसं तेही फुगलं.

हे आपल्याला कळलं ते एका अपघाताने. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी वीज कंपनीचे कामगार मेक्सिको शहरात कॅथीड्रलच्या मागच्या बाजूला, ग्वातेमाला आणि आर्खेन्तिना या रस्त्यांच्या कोपऱ्यावर खणत होते. त्यांच्या हत्याराला कोरीव दगड लागला. माती दूर केली तेव्हा सव्वातीन मीटर व्यासाची एक शिळा उघडी पडली. तिच्यावर एक नग्न स्त्री आहे, मुंडकं, हात आणि पाय धडापासून वेगळे झालेली. सांध्यांतून हाडांची टोकं डोकावतात, कमरेला दोन तोंडांचा साप आणि कवटी आहे, गालावर घंटा आहेत. ही कोयोल्शाउकी. पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी उत्खनन सुरू झालं आणि मग तिच्या जागेचा अर्थ उलगडला. शिळा दक्षिणेच्या जिन्याच्या अगदी तळाशी होती. माथ्यावर हुइत्सिलोपोच्त्ली, पायथ्याला त्याची तुटलेली बहीण, कडेने दगडी सापांची डोकी. सगळं मंदिरच कोआतेपेक डोंगर होतं. वर बळी दिलेल्या कैद्याचं धड पायऱ्यांवरून खाली ढकललं जाई तेव्हा ते याच शिळेच्या दिशेने येई. देवाचा जन्म ही पुजाऱ्याने सांगायची कथा उरली नव्हती, ती प्रत्येक वेळी पुन्हा घडवली जात होती.

इथे एक विलक्षण गोष्ट जाणवते. आईच्या आणि बहिणीच्या प्रचंड दगडी मूर्ती सापडल्या. कोआत्लिक्वेची मूर्ती १७९० मध्ये शहराच्या मुख्य चौकात निघाली. पण ज्याच्यासाठी हे सगळं उभारलं, त्याची तशी भव्य दगडी पूजामूर्ती हाती आलेली नाही. याचं कारण एवढंच नाही की स्पॅनिशांनी मूर्ती फोडल्या. हा देव मुळात दगडात राहणारा नव्हताच. प्रवासात तो गाठोड्यात होता, आणि सणाला तो पिठाचा होत असे. राजगिऱ्याच्या जातीचे दाणे दळून, त्या पिठाची कणीक मळून मूर्ती घडवत आणि तिला खऱ्या देवाचा साज चढवत. राजगिरा हे पीक मूळचं त्याच भूभागातलं. उपवासाच्या लाडूंमधून ते आपल्या घरांत इतकं मुरलं आहे की ते समुद्रापलीकडून आलं असेल असं मनातही येत नाही. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या आणि मध यांच्या वड्या रस्त्यावर विकल्या जातात.

पान्केत्सालिस्त्ली हा त्याचा मोठा सण वर्षाच्या शेवटाकडे, सूर्य दक्षिणेला झुकण्याच्या दिवसांत येई. देवाचा प्रतिनिधी पाइनाल याची छोटी मूर्ती घेऊन एक पुजारी त्लातेलोल्को, चापुल्तेपेक अशी तळ्याकाठची मोठी फेरी धावत घाली. मंदिराच्या माथ्यावरून कागदाचा आणि पिसांचा अग्निसर्प पायऱ्या उतरे आणि खाली जाळला जाई. पिठाच्या देवाच्या छातीत पुजारी भाला मारी. मग त्या देवाचं काळीज राजाला आणि देह तेनोच्तित्लान व त्लातेलोल्कोच्या लोकांना वाटून दिला जाई. ज्यांनी तो खाल्ला त्यांच्यावर वर्षभराच्या सेवेची जबाबदारी येई. देवळातलं सरपण, साहित्य, सगळा खर्च त्यांचा. तो इतका जड होई की काही जणांना जमीन गहाण टाकावी लागे. या देवाचा आणि माणसांचा संबंध मला या नोंदीत सर्वांत स्पष्ट दिसतो. देवाला खाणं ही कृपा होती आणि कर्जही होतं. त्याने जग दिलं आहे, ते फेडायचं आहे, आणि फेडणं कधीच संपत नाही.

याच कर्जाच्या भाषेत नरबळीही होता. त्याबद्दल आडपडदा ठेवून हे पुस्तक लिहिता आलं नसतं. सूर्याला चालण्यासाठी रक्त लागतं आणि ते युद्धातल्या कैद्यांनी पुरवायचं, ही श्रद्धा होती. ती श्रद्धा राज्यकारभाराच्याही कामाची होती. शत्रुराज्यांच्या प्रमुखांना गुपचूप बोलावून, फुलापानांच्या आडोशामागून त्यांना बळींचा सोहळा दाखवला जाई, असं सोळाव्या शतकातला इतिहासकार दुरान लिहितो. पाहून परतलेल्या पाहुण्याने काय समजायचं ते तो समजे. १४८७ मध्ये राजा आवित्सोत्लने वाढवलेल्या मंदिराच्या सोहळ्यात ८०,४०० माणसं मारली गेली, हा दुरानने दिलेला आकडा आजही ठिकठिकाणी छापला जातो. चार दिवसांच्या सोहळ्यात हे शक्य नाही. दुसऱ्या बाजूला, बळी ही स्पॅनिशांनी उठवलेली आवई होती असं म्हणणाऱ्यांना मातीने उत्तर दिलं आहे. २०१५ मध्ये मंदिराजवळच कवट्या रचून बांधलेला मनोरा सापडला, आणि २०२० अखेर त्यातल्या ६०३ कवट्या मोजल्या गेल्या होत्या. त्यांत स्त्रिया आहेत आणि मुलंही आहेत.

एक मूल मात्र वेगळं सापडलं. २००५ मध्ये, हुइत्सिलोपोच्त्लीच्याच बाजूला, मंदिर वाढवताना घातलेल्या भरावात. वय सुमारे पाच वर्षं. दोन्ही हातांशी शिकारी पक्ष्याचे पंख बांधलेले, छातीवर लाकडी कडं. ते मूल देवासारखं सजवलेलं होतं. ज्या लोकांनी त्याला सजवलं त्यांच्या मनात त्याच्याविषयी दुष्टावा होता असं वाटत नाही, आणि म्हणूनच ते पाहणं जास्त अवघड जातं. श्रद्धा समजून घेणं म्हणजे तिची भलामण करणं नव्हे. त्या मुलाचा हिशेब कोणत्याही विश्वरचनेत बसत नाही, हे मी माझ्या बाजूने स्पष्ट म्हणतो, आणि तरीही ती विश्वरचना नीट मांडणं हे माझं काम आहे असंही मानतो.

या देवाच्या अखेरच्या सणांपैकी एक मे १५२० मध्ये झाला. कोर्तेस किनाऱ्याकडे गेला होता आणि शहरात त्याचा सरदार पेद्रो दे आल्वारादो होता. तोश्कात्लच्या उत्सवासाठी बायकांनी दाणे दळले आणि पिठाची मूर्ती बनवली गेली. कानात पिरोजाची कर्णभूषणं, नाकात सोन्याची तीराच्या आकाराची चमकी, डोक्यावर हमिंगबर्डचा मुखवटा, अंगावर कवट्या आणि हाडं रंगवलेला शेला. हा साज माहितीदारांनी इतक्या बारकाईने सांगितला आहे, की तीस वर्षांनंतरही तो त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. नाच रंगात आला असताना स्पॅनिशांनी दारं अडवली. पहिला वार ढोल वाजवणाऱ्यावर झाला. त्याचे हात तोडले आणि मग मान. त्या कत्तलीनंतर शहर पेटून उठलं. पुढच्या वर्षी, स्पॅनिशांनी शहराला घातलेल्या वेढ्याच्या शेवटच्या दिवसांत, मेशिकांचा राजा क्वाउतेमोक याने एका योद्ध्याला आवित्सोत्लचा पिसांचा पोशाख चढवला आणि हातात हुइत्सिलोपोच्त्लीचं अस्त्र दिलं. जन्मकथेतल्या अग्निसर्पाचा हा शेवटचा प्रयोग. १३ ऑगस्ट १५२१ रोजी शहर पडलं.

देव मात्र कोठडीत गेला नाही. त्याला पुन्हा गाठोड्यात बांधून लपवलं गेलं. ती गाठोडी लपवल्याच्या आरोपावरून १५३९ मध्ये बिशप सुमार्रागाच्या धर्मन्यायासनापुढे खटला चालला. युरोपात त्याचं नाव वेडंवाकडं होऊन जर्मन लोककथांतल्या सैतानांच्या यादीत जाऊन बसलं. जर्मन कवी हाइनने १८५१ मध्ये त्याच नावाची कविता छापली, तीत देव सूड घ्यायला युरोपात येतो. दरम्यान मेक्सिको स्वतंत्र झाला, गरुड झेंड्यावर आला, पण ज्याने तो गरुड दाखवला असं कथा सांगते, त्याचं नाव राष्ट्राच्या अभिमानगीतांत फारसं घेतलं गेलं नाही.

हे सगळं आपण ज्यांच्यामुळे वाचू शकतो त्यांचा उल्लेख केल्याशिवाय प्रस्तावना पुरी होणार नाही. फ्रान्सिस्कन साधू बेर्नार्दिनो दे साआगून १५२९ मध्ये मेक्सिकोत आला. जुन्या वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारून, नावात्लमध्येच उत्तरं लिहून घेऊन त्याने बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याची सचित्र प्रत आज फ्लोरेन्समध्ये आहे. हुइत्सिलोपोच्त्ली हा दुसरा हर्क्युलिस, एक बलवान मांत्रिक माणूस, असं तो पहिल्याच प्रकरणात ठरवून टाकतो. पण त्याच ग्रंथातल्या नावात्ल स्तंभात देवाच्या जन्माची कथा तिच्या पूर्ण तेजात उतरली आहे. ती लिहिणारे हात आन्तोनिओ वालेरिआनो, आलोन्सो वेखेरानो, मार्तीन हाकोबिता यांच्यासारख्या नावा, म्हणजे नावात्लभाषक, विद्वानांचे होते. त्लातेलोल्कोच्या शाळेत ते लॅटिन शिकले होते आणि घरी नावात्ल बोलत होते. शेवटची प्रत तयार होत असतानाच, १५७६ मध्ये, भयंकर साथ आली आणि त्यांच्या लोकांची गावंच्या गावं ओस पडली. मरणाच्या छायेत, जिंकणाऱ्यांच्या धर्माचा अंगरखा घालून, त्यांनी आपल्या पूर्वजांचा देव शब्दांत जपला. या पुस्तकातलं जे काही खरं आहे ते त्यांचं ऋण आहे.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात प्रवासकथा आणि तिच्या पोथ्या, दुसऱ्यात जन्मकथा आणि मंदिर, तिसऱ्यात सणांचं वर्ष, चौथ्यात बळी आणि युद्ध, पाचव्यात शहर पडल्यानंतरचा देव. नावांचे उच्चार शक्य तितके नावात्लच्या जवळ ठेवले आहेत. पहिल्या दोन-चार पानांत जीभ अडखळेल, पुढे ती सरावते. जिथे जुने वृत्तांत एकमेकांना छेद देतात तिथे दोन्ही शेजारी ठेवले आहेत, म्हणजे वाचकाला स्वतः तोलून पाहता येतील.

वाचकाकडे माझी एकच मागणी आहे. या देवाला वाचताना त्याच्या माणसांना दृष्टीआड करू नये. नावात्ल आजही १६ लाखांहून अधिक लोकांच्या तोंडी आहे आणि ते सगळे ख्रिस्ती जत्रांतून, शेतांतून, मोठ्या शहरांच्या वस्त्यांतून जगत आहेत. त्यांचे पूर्वज कुणी अनाकलनीय, क्रूर, संपून गेलेली जमात नव्हते. दुसऱ्याच्या दारात आश्रित म्हणून उभे राहिलेले, अपमान गिळलेले, मग सत्ता मिळाल्यावर तीच सत्ता इतरांवर लादलेले लोक होते ते. त्यांच्या देवात त्यांची जिद्द आहे, आणि जे त्यांनी इतरांचं हिरावलं तेही आहे. कोणत्याही समाजाला स्वतःच्या दैवताकडे इतक्या उघड्या डोळ्यांनी पाहणं सोपं नसतं. मेशिकांनी स्वतःच्या कथांत कुल्वाकानची राजकन्या, झोपेत सोडून दिलेली बहीण आणि तळाशी पडलेली कोयोल्शाउकी हे सगळं पुसून न टाकता ठेवलं. तो प्रामाणिकपणा आपण वाचताना तरी पाळला पाहिजे.